सरांच्या कपाटातला बिल्ला

प्रश्न : आमचे फिजिक्सचे सर गेल्या महिन्यात गेले. तरुणपणी ते दोन वर्षं अमेरिकेतल्या एका कॉलेजात शिकवायला होते. कपाट आवरताना त्यांच्या मुलीला एक छोटा बिल्ला सापडला. त्यावर तीन अक्षरं आहेत : ए, मग फ्लक्ससाठी वापरतो तो फाय आणि शेवटी ओहमचं चिन्ह. सोबतच्या कागदावर ‘मानद सभासद’ अशा अर्थाचं काहीतरी आहे. हा कुठला पुरस्कार? रविवारी विश्रामबागेत आम्ही माजी विद्यार्थी श्रद्धांजली सभा घेतोय. फ्लेक्सवर ‘आंतरराष्ट्रीय सन्मानप्राप्त’ छापावं, असं काहींचं म्हणणं आहे. सर साधे होते हो, २०१९च्या पुरात वरचा मजला लोकांना देऊन स्वतः जिन्याखाली झोपायचे.
— एक माजी विद्यार्थी, सांगली

उत्तर : आधी फ्लेक्सवाल्याला फोन करून थांबवा, मग पुढचं वाचा.

अक्षरं तुम्ही बरोबर ओळखलीत. आल्फा फाय ओमेगा. ही अमेरिकेतल्या कॉलेजविद्यार्थ्यांची संघटना. तिकडे अशा संघटनांना फ्रॅटर्निटी म्हणतात. त्याचं मराठी ‘भाऊबंदकी’ करायला जावं तर थेट कोर्टात पोचायचो! नावाला ग्रीक अक्षरं घ्यायची ही चाल १७७६ची, व्हर्जिनियातल्या फाय बीटा कॅपा या विद्यार्थी संघटनेपासूनची. पण तुमच्या सरांची संघटना सेवेसाठी निघालेली. डिसेंबर १९२५मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात फ्रँक हॉर्टन या विद्यार्थ्याने स्काउटातल्या मित्रांना घेऊन ती काढली. नेतृत्व, मैत्री आणि सेवा ही त्यांची त्रिसूत्री. आपल्या एनएसएसची चुलत बहीण समजा.

हा पुरस्कार नव्हे. पोरं एखाद्या मोठ्या माणसाला, बरेचदा प्राध्यापकाला, आपल्यात घेतात. मानद सभासद म्हणजे एवढंच, आणि माझ्या मते ते पुरस्कारापेक्षा अवघड.

साताऱ्यात आमच्या वसतिगृहालाही असा एक सभासद होता. मराठीचे सर. घर मंगळवार पेठेत, पण रविवारची फीस्ट आमच्या मेसमध्ये. मी मेस सेक्रेटरी. पहिल्या महिन्यात त्यांचं बिल काढलंच नाही, सरांकडून कसले पैसे घ्यायचे? सरांनी रजिस्टर मागवलं. शेवटच्या मुलाच्या खाली स्वतःचं नाव लिहिलं, चार रविवार सोडून उरलेल्या सत्तावीस चौकोनांत खाड्याच्या फुल्या मारल्या आणि चार जेवणांचे पैसे टेबलावर ठेवले. म्हणाले, “फुकट जेवतो तो पाहुणा. मी काय पाहुणा आहे?” जेवण झालं की धोतराचा सोगा खोचून आमच्याच रांगेत ताट घासायला बसत. राखेचे शिंतोडे चष्म्यावर उडायचे, ते तसेच घेऊन घरी जायचे.

ते गेले तेव्हा शोकसभेत त्यांच्या पदव्या, समित्या, अध्यक्षपदं असं सगळं पाऊण तास वाचून झालं. त्या फुल्यांबद्दल कुणी बोललं नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो, पण माइकला घाबरलो. ते अजून टोचतं.

म्हणून सांगतो, फ्लेक्सवर नाव आणि फोटो पुरे. बिल्ल्याबद्दल कुणीतरी दोन मिनिटं बोला, पण नीट : तिकडच्या पोरांनी सरांना आपल्यात घेतलं होतं. का घेतलं, हे शोधता येईल. कागदावर कॉलेजचं नाव असेलच, शाखेचं नावही बहुधा ग्रीक अक्षरांत असेल. त्या कॉलेजला ईमेल टाका. उत्तर रविवारपर्यंत येणार नाही, आलं तर वर्षश्राद्धाला वाचा.

आणि जिन्याखालची गोष्ट तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता टाकलीत. सभेत तिथूनच सुरुवात करा. त्या वरच्या मजल्यावर राहिलेल्यांपैकी कुणी जवळपास असेल तर त्यालाच बोलायला उभं करा. किती माणसं होती, चहा कुणी केला, सरांनी अंथरायला काय घेतलं होतं, हे विचारा.

बिल्ला मात्र सभेत फोटोपुढे मांडू नका. गर्दीत हरवतो. मुलीकडेच असू द्या.