वय ३७, बैठं काम, वजनही जास्त. आता जिउ-जित्सू, म्हणजे ती जमिनीवर लढायची ब्राझिलियन कुस्ती, सुरू करू का? रोजचा अनुभव कसा असतो?

करा की. मी ३८ व्या वर्षी सुरू केलं, आता ४१ चालू आहे. तीन वर्षांत पांढऱ्याचा निळा पट्टा झालाय, म्हणजे पाचातला दुसरा, आणि काळ्यापर्यंत पोचायला लोकांना दहा-दहा वर्षं लागतात त्यामुळे तो विषय मी डोक्यातून काढून टाकलाय. माझंही काम खुर्चीतलंच, पुण्यात एका बँकेच्या बॅक ऑफिसला, आणि वजन तेव्हा ९१ किलो.

माझी अडचण जरा वेगळी होती. मी सांगली जिल्ह्यातला, आमचे आबा तरुणपणी तालमीत जायचे, मी पण नववीपर्यंत लाल मातीत लोळलोय, त्यामुळे डोक्यात एकच फिट बसलेलं की पाठ टेकली म्हणजे खेळ खल्लास. आणि इथं पहिल्याच दिवशी कोच म्हणतो, सर, पाठीवर झोपा. झोपलो. म्हणे आता समोरच्याला दोन पायांच्या मधे धरा, याला गार्ड म्हणतात, इथून लढायचं. खरं सांगतो, लाज वाटली राव, मान वळवून बघितलं कुणी गावाकडचं नाही ना म्हणून.

त्याच आठवड्यात पहिलं रोलिंग, म्हणजे सरावाची कुस्ती, पाच मिनिटांची. समोर डेंटल कॉलेजचा पोरगा, असेल साठेक किलोचा. मी एकेरी पट काढून त्याला धाडकन पाडला आणि मनात म्हटलं झालं काम, पण तो खाली पडून निवांत, माझी कॉलर धरलेली, माझा एक हात आत ओढला आणि दुसऱ्या खांद्यावरून पाय टाकून मान मांडीत आवळली, त्याला ट्रँगल म्हणतात. श्वास चालू असतो बरं का, पण मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, एका बाजूने त्याची मांडी आणि दुसऱ्या बाजूने आपलाच खांदा, आणि डोळ्यांच्या कडेने काळं यायला लागतं. दोनदा थाप मारली, टॅप, म्हणजे हार मानली, सोड. त्याने लगेच सोडलं आणि विचारलं, "दादा, ठीक ना?" मी वर होतो आणि मीच हरलो, हे पचायला मला दोन-तीन दिवस लागले.

पहिले सहा महिने तुम्ही खालीच असणार हे धरून चाला. साइड कंट्रोल म्हणून एक प्रकार आहे, ८५ किलोचा माणूस छातीवर आडवा, त्याचा खांदा तुमच्या जबड्यात, त्याच्या कपाळाचा घाम टप टप तुमच्या डोळ्यात. नवा माणूस काय करतो, दोन्ही हात लांब करून त्याला वर ढकलायला बघतो. तो हलत नाही, उलट तुमचे लांब झालेले हात त्याला आयते मिळतात. करायचं असतं ते असं, कोपर अंगाला चिकटवून कंबर एका बाजूला सरकवायची आणि झालेल्या फटीत गुडघा घालायचा. एवढंच. पण ते अंगात मुरावं म्हणून रोज वॉर्मअपला कोळंबीसारखं वाकून मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जायला लावतात, त्याला नावच श्रिंप आहे. बँकेतला माणूस संध्याकाळी साडेसातला कोळंबी झालेला, बायकोने एकदा व्हिडिओ काढलाय, सगळ्या फॅमिली ग्रुपवर गेला.

टॅप लवकर करा, ही एक गोष्ट मी फार महागात शिकलो. किमुरा नावाचं एक लॉक आहे, हात पाठीमागे पिरगाळतात. १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये मासाहिको किमुरा या जपानी ज्युदोवाल्याने हेलिओ ग्रेसीला त्यात धरलं, हेलिओने टॅप केलंच नाही, हात मोडला, शेवटी भावाने, कार्लोसने, टॉवेल टाकून हार मानली. हेच ते ग्रेसी, ज्यांची ही सगळी विद्या, कार्लोस ती मित्सुयो माएदा या जपानी ज्युदोवाल्याकडून शिकला, जो १९१४ ला ब्राझीलला आलेला. तर ही गोष्ट ऐकून मला पण चेव आला आणि मी त्याच लॉकमध्ये दात ओठ खात बसलो. लॉक लावणाऱ्याची काही चूक नाही, त्याने दोनदा विचारलं होतं. सहा आठवडे डाव्या हाताने माउस चालवला.

बाकी रोजचं म्हणाल तर निम्मा खेळ धुण्याचा आहे. गी म्हणजे तो जाड सुती कोट आणि पँट, प्रत्येक क्लासनंतर धुवायचाच, आणि पुण्यात जुलैत तो तीन दिवस वाळत नाही, मग असा वास येतो की लिफ्टमधले लोक बाजूला सरकतात. त्यामुळे दोन गी लागतातच. बोटांना चिकटपट्ट्या, सकाळी लोणच्याची बरणी उघडता येत नाही. अंगावर गजकर्ण दिसलं तर गुपचूप घरी बसा, एकाचं दहा जणांना होतं.

गेल्या दिवाळीत आबा आले होते, त्यांना बघायला नेलं. दुहेरी पट ओळखला, खूश झाले, मग एकाची पाठ टेकली तरी चालूच आहे म्हटल्यावर अस्वस्थ.

"हरला की रं त्यो."

म्हटलं नाही आबा, स्पर्धेत पाडलं की फक्त २ पॉइंट, पाय ओलांडून बाजूला गेला तर ३, छातीवर बसला किंवा मागून पाठ धरली तर ४.

"दोन? आख्ख्या चितपटीला दोन?"

अजून फोनवर मधूनच विचारतात, नियम बदलला का म्हणून.

तुम्ही जागा निवडताना पैसे भरायच्या आधी एक अख्खा क्लास बाजूला बसून बघा. नव्या माणसाला कुणाच्या हातात देतात ते बघा, अंगात मस्ती असलेल्या पोरांच्या हातात देत असतील तर दुसरीकडे जा. क्लास सुटल्यावर मॅट पुसतात का ते बघा. मानेचा, मणक्याचा किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा. पहिल्या दिवशी गी लागत नाही, टी-शर्ट आणि खिसे नसलेली ट्रॅक पँट चालते, खिशात बोट अडकून मुरगळतं. आणि नखं कापून जा, पायाची पण.