न्यूट्रॉन स्कॅटरिंगमध्ये करिअर: आधी पदार्थ, मग अणुभट्टी

प्रश्न : माझी मुलगी टी.वाय.बी.एस्सी. फिजिक्सला आहे. कॉलेजातल्या एका व्याख्यानानंतर 'ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टीवर जाऊन न्यूट्रॉन स्कॅटरिंग करायचं' असं तिनं डोक्यात घेतलं आहे. एक्स-रे असताना न्यूट्रॉन कशाला? रेडिएशनचं काय? आणि पोटापाण्याचं? तिचे बाबा म्हणतात, त्यापेक्षा डेटा सायन्सचा कोर्स करावा.
– एक आई, सहकारनगर, पुणे

उत्तर : ताई, न्यूट्रॉन स्कॅटरिंग म्हणजे पदार्थावर न्यूट्रॉनचा झोत (बीम) सोडायचा आणि तो कसा विखुरतो यावरून आतली रचना ओळखायची. एक्स-रे अणूतल्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, तर न्यूट्रॉन थेट केंद्रकावरून. लोखंडात २६ इलेक्ट्रॉन, कोबाल्टमध्ये २७. एवढ्याशा फरकावर एक्स-रेनं दोघांना वेगळं ओळखणं अवघड जातं. न्यूट्रॉनसाठी मात्र लोखंडाची स्कॅटरिंग लेंग्थ (केंद्रक न्यूट्रॉनला किती जोरानं विखुरतं याचं माप) ९.४५ फेम्टोमीटर आहे आणि कोबाल्टची २.४९. जड धातूंच्या गर्दीतले हायड्रोजन, लिथियमही न्यूट्रॉनला सापडतात, चुंबकीय रचनाही कळते. शिवाय १.८ अँगस्ट्रॉमच्या न्यूट्रॉनची ऊर्जा जेमतेम २५ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे स्फटिकातल्या कंपनांच्याच तोडीची. म्हणून अणू कुठे बसलेत याबरोबरच ते कसे हलतात हेही मोजता येतं. याच कामासाठी क्लिफर्ड शल आणि बर्ट्राम ब्रॉकहाउस या भौतिकशास्त्रज्ञांना १९९४चं नोबेल मिळालं. आपल्याकडे हे काम उभं करणारे पी. के. अय्यंगार ब्रॉकहाउस यांच्याच हाताखाली शिकून आले होते.

रेडिएशनची धास्ती नको, शिस्त हवी. सॅम्पल बदलताना बीमचं शटर बंद असतं. काम करणाऱ्याच्या अंगावर टीएलडी बॅज (किती किरणोत्सर्ग झेलला ते नोंदवणारा) असतो. अशा कामात अंगावर घ्यायच्या किरणोत्सर्गाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. खरी अडचण सॅम्पलची होते. कोबाल्ट असलेली पूड बीममधून निघाली की स्वतःच किरणोत्सारी झालेली असते. मोजून, परवानगी मिळाल्यावरच ती बाहेर येते. 'उद्या पुण्याला नेते' म्हणून चालत नाही.

आता माझं स्पष्ट मत. न्यूट्रॉन हे हत्यार आहे, विषय नव्हे. बीमटाइम (झोत वापरायची पाळी) मिळतो तो वर्षात मोजके दिवस. उरलेलं वर्ष पदार्थ बनवण्यात आणि डेटा सोडवण्यात जातं. त्यामुळे तिनं आधी बॅटरीचे पदार्थ, चुंबकीय ऑक्साइड, पॉलिमर यांपैकी काय आवडतं ते पाहावं.

पदार्थ भाजायच्या साध्या भट्टीतलं (अणुभट्टीतलं नव्हे) काम इथे पुण्यातच शिकता येतं. एक्स-रेला अर्धा ग्रॅम पूड पुरते, न्यूट्रॉनला काही ग्रॅम लागते. मग मुलं चार छोट्या बॅचेस एकत्र करतात आणि फसतात, कारण प्रत्येक बॅचमधली अशुद्धी वेगळी. एकच मोठी बॅच घ्यावी, पण तिच्यात आतपर्यंत रिअ‍ॅक्शन पूर्ण होत नाही. म्हणून पुन्हा खलून, गोळी दाबून, पुन्हा भाजायची आणि दर वेळी एक्स-रे काढून पाहायचा. पूड कोरडी हवी. ओलाव्यातल्या हायड्रोजनमुळे आलेखातलं बॅकग्राउंड (नको असलेला संकेत) एवढं चढतं की बारीक पीक (आलेखातली शिखरं) त्यात बुडतात. बोरॉन किंवा गॅडोलिनियम असेल तर ते न्यूट्रॉन गिळूनच टाकतात. तिथे बोरॉन-११सारखं महागडं समस्थानिक मागवावं लागतं. सॅम्पलचा डबा व्हॅनेडियमचा असतो, कारण त्याचे स्वतःचे पीक जवळपास दिसत नाहीत.

या सुट्टीत तिला जीसॅस-टू हे मोफत सॉफ्टवेअर टाकून रिटव्हेल्ड रिफाइनमेंट (मोजलेल्या आलेखाशी जुळेपर्यंत स्फटिकाचं गणिती मॉडेल सुधारत नेणं) शिकू दे. ट्युटोरियलबरोबर सरावाचा डेटाही मिळतो. आधी स्केल आणि बॅकग्राउंड, मग लॅटिस (स्फटिकाच्या चौकटीची मापं) आणि झीरो शिफ्ट (यंत्राच्या शून्यातली चूक), मग पीकचा आकार, नंतर अणूंच्या जागा, शेवटी थर्मल पॅरामीटर (अणू किती थरथरतात) आणि ऑक्युपन्सी (जागा किती भरलेल्या). सगळं एकदम मोकळं सोडलं की फिट भरकटतं. फिट किती जुळलं याचा आकडा सुंदर आला पण थर्मल पॅरामीटर उणे निघाला, तर ते उत्तर चूक समजावं.

पुढे एम.एस्सी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या फिजिक्स विभागातून किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीतून. आयसर पुणे या विज्ञान संस्थेची इंटिग्रेटेड पीएच.डी.ही (एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र) आहे. ध्रुववर बाहेरच्या विद्यार्थ्यांना वाट यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम (विद्यापीठांना अणुऊर्जा विभागाच्या सुविधा वापरू देणारी संस्था) हिच्या मुंबई केंद्रातून असते, पण प्रस्ताव मार्गदर्शक प्राध्यापकांच्या नावानं जातो. म्हणून एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला गाइड निवडताना 'तुमचा बीमटाइम असतो का?' हे तिनं बिनदिक्कत विचारावं.

नोकरीचं खरं सांगायचं तर निव्वळ 'न्यूट्रॉन' म्हणून जागा मोजक्याच. एम.एस्सी.नंतर बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) ट्रेनिंग स्कूलमधून सायंटिफिक ऑफिसर होता येतं. किमान ६० टक्के हवेत. नेट-जेआरएफ ही राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.च्या सुरुवातीला महिना ३७ हजार रुपये अधिक घरभाडे. परदेशात इंग्लंडमधल्या आयएसआयएस किंवा फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या आयएलएलसारख्या न्यूट्रॉन केंद्रांत पोस्टडॉकच्या जागा निघतात. खासगी क्षेत्रात बॅटरी, औषधं आणि धातूंच्या कंपन्यांना एक्स-रे डिफ्रॅक्शन नीट येणारी माणसं लागतात.

बाबांचंही सगळंच चुकत नाही. पायथॉन तिला लागणारच आहे, कारण इनइलॅस्टिक (अणूंच्या हालचालींचा) डेटा त्याशिवाय हाताळणं जड जातं. पण त्यासाठी लाखभराचा कोर्स नको. तेच ती रिफाइनमेंटचे आलेख काढता काढता शिकेल.