चढत्या भावातली पोर्शे: कर्ज काढून आत्ताच घ्यावी का?

लंडनमधल्या हॅरोहून एका वाचकाने लिहिलं आहे:

"वय ४६. आयटीत कायमची नोकरी. सध्याची पेन्शनची वर्गणी कापून आणि बोनस धरून करपात्र पगार वर्षाला १ लाख १८ हजार पौंड. पत्नी शाळेत अर्धवेळ काम करते, मुलगी पंधरा वर्षांची आहे. घराचं ३ लाख १० हजारांचं कर्ज अजून २२ वर्षं फेडायचं आहे, त्यावरचा १.६ टक्क्यांचा ठरलेला दर पुढच्या वर्षी संपतो. कॅश आयसामध्ये (करमुक्त बचत खात्यात) ४० हजार आहेत, बाकी शिल्लक अशी नाही. घरखर्च हप्त्यासकट महिना ४,८००. ठाण्याला शाळेत असताना वहीच्या कव्हरवर पोर्शे ९११ चा फोटो चिकटवला होता. आता एका डीलरकडे १९८७ ची ९११ कॅरेरा ३.२ आहे, किंमत ६८ हजार पौंड. ४० हजार आयसातून काढायचे आणि २८ हजारांचं पाच वर्षांचं कर्ज ९ टक्क्यांनी घ्यायचं, असा विचार आहे. भाव चढतायत, विकताना कॅपिटल गेन्स टॅक्स (विक्रीच्या नफ्यावरचा कर) नाही, म्हणजे पेन्शनपेक्षा बरंच ना? निवृत्तीनंतर पुण्याला परतू, तेव्हा विकू किंवा सोबत नेऊ. पत्नीला हे पटत नाही. १,००० पौंड इसार दिलाय, महिनाअखेरपर्यंत गाडी राखून ठेवली आहे. आत्ता सोडली तर पुन्हा हाताला लागणार नाही असं वाटतं. काय करू?"

नमस्कार.

माझं मत आधी सांगतो. ९११ जरूर घ्या, पण या महिन्यात आणि अशा पैशांनी घेऊ नका. दोन वर्षं थांबा. "तोवर भाव हातचा जाईल" ही भीती तुमच्या पत्रातल्या प्रत्येक वाक्यामागे आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

समजा तुमचं म्हणणं खरं ठरलं आणि ही गाडी दर वर्षी ५ टक्क्यांनी महागली. दोन वर्षांनी तिची किंमत जवळपास ७५ हजार होईल, म्हणजे थांबण्याचा खर्च ७ हजार पौंड. आता कर्जाकडे पाहा. २८ हजारांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षं महिना सुमारे ५८१ पौंडांचा हप्ता बसतो आणि एकूण व्याज जातं सुमारे ६,९०० पौंड. दोन्ही आकडे जवळपास सारखेच आले. फरक एवढाच की व्याज सही केल्या क्षणी पक्कं होतं, तर भाववाढ हा अंदाज आहे. घाईने तुमचे पैसे वाचत नाहीत. न घडलेल्या गोष्टीपासून वाचण्यासाठी तुम्ही तेवढीच रक्कम खात्रीने मोजणार आहात.

आणि भाव चढतच राहतील हे तरी कशावरून? तुमच्या गाडीसारख्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या ९११ गाड्या १९९८ मध्ये कायमच्या बंद झाल्या. पुरवठा वाढणार नाही, हे खरं. पण तो पुरवठा तसा कमीही नाही. तुमचं ३.२ मॉडेल १९८४ ते १९८९ या सहा मॉडेल-वर्षांत ७० हजारांहून जास्त बनलं. भावाची मोठी उडी आली ती २०११ नंतरच्या पाच-सहा वर्षांत, आणि त्या काळात काय चाललं होतं ते आठवा. बँक ऑफ इंग्लंडचा दर मार्च २००९ पासून अर्धा टक्का होता. बँकेत पैसा ठेवून काही मिळत नव्हतं, म्हणून तो घरांत, चित्रांत, घड्याळांत आणि जुन्या गाड्यांत शिरला. तोच दर ऑगस्ट २०२३ मध्ये सव्वापाच टक्क्यांवर होता. स्वस्त पैशाने चढवलेला भाव महाग पैशातही त्याच वेगाने चढेल, असं मी धरून चालणार नाही.

हे एकदा घडून गेलेलंही आहे. ऑगस्ट १९८८ मध्ये फेरारीचे संस्थापक एंझो फेरारी गेले आणि आधीच तापलेला फेरारीचा बाजार भडकला. ज्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं असे लोकही नफ्यासाठी गाड्या उचलू लागले. ब्रिटनमधला व्याजदर १९८९ च्या अखेरीस १५ टक्क्यांच्या घरात होता, पाठोपाठ मंदी आली आणि हा बाजार कोसळला. जॅग्वारची एक्सजे२२० ही स्पोर्ट्स कार तर बनण्याआधीच विकली गेली होती. लोकांनी ५० हजार पौंड अनामत भरून नंबर लावले होते. गाडी तयार होईपर्यंत वारं फिरलं, आणि त्यातल्याच अनेकांनी सौद्यातून सुटण्यासाठी धडपड केली. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. गाडी उत्तम होती. नुकसान झालं ते ती पुढच्या गिऱ्हाइकाला जास्त भावाने खपवायची म्हणून घेणाऱ्यांचं.

आता कराकडे येऊ. प्रवासी मोटारीच्या विक्रीवर ब्रिटनमध्ये कॅपिटल गेन्स टॅक्स लागत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्याची दुसरी बाजू पत्रात नाही. गाडी तोट्यात विकली तर तो तोटा दुसऱ्या कुठल्या नफ्यातून वजाही करता येत नाही. शिवाय पैसे येणार कुठून, तर आयसातून, आणि तिथे मुळात करच नाही. करमुक्त जागेतून काढून करमुक्त जागेत ठेवल्याने तुम्हाला काही मिळत नाही, उलट जातं. आयसात वर्षाला २० हजारच भरता येतात. ४० हजार काढले तर ती जागा पुन्हा भरायला पूर्ण दोन वर्षांची मर्यादा खर्ची पडेल.

"पेन्शनपेक्षा बरंच ना?" या तुमच्या प्रश्नाजवळ मी सगळ्यात जास्त थांबलो, कारण तुमचा पगार नेमका त्या पट्ट्यात आहे जिथे पेन्शनशी बरोबरी करणारं मला दुसरं काही माहीत नाही. १ लाखाच्या वर प्रत्येक २ पौंडांमागे तुमच्या करमुक्त उत्पन्नातला १ पौंड कमी होतो, आणि हे १ लाख २५ हजार १४० पर्यंत चालतं. त्यामुळे तुमच्या वरच्या १८ हजारांवर प्रत्यक्षात ६० टक्के आयकर जातोय. ते १८ हजार पेन्शनमध्ये वळवले तर १०,८०० पौंड कर वाचतो, म्हणजे हातातले फक्त ७,२०० कमी होऊन खात्यात १८ हजार जमा होतात. काढताना पाव हिस्सा करमुक्त आणि उरलेल्यावर २० टक्के कर धरला, तर एक पैशाचीही वाढ न होता त्या ७,२०० चे १५,३०० होतात. पुण्यात राहून पेन्शन घेतलीत तर कराचा हिशेब वेगळा होईल आणि तो आपल्याला स्वतंत्रपणे करावा लागेल, पण चित्र उलटं होण्याइतका फरक पडेल असं मला वाटत नाही. अडचण एकच. हे पैसे ५७ व्या वर्षापर्यंत बंद राहतात. म्हणूनच हाताशी रोकड ठेवायला हवी, आणि तुमची हाताशी असलेली सगळी रोकड तुम्ही गाडीत घालायला निघाला आहात.

ते ४० हजार तुम्हाला "बचत" वाटतात. मी त्यांची विभागणी अशी करतो: सहा महिन्यांचा घरखर्च २८,८०० होतो. तो कुठल्याही स्वप्नासाठी मोडायचा नाही, कारण आयटीतली कायमची नोकरीही एका बैठकीत जाऊ शकते. उरतात ११,२००. तुमच्याकडे आज गाडीसाठी आहेत ते एवढेच.

वर घराचा दर. १.६ टक्क्याने आज तुमचा हप्ता १,३९० च्या आसपास असेल. नवा दर साडेचार टक्के धरला तर तो १,८५० होतो. महिना ४६० पौंड इथेच वाढले. त्यात गाडीच्या कर्जाचे ५८१ घाला, म्हणजे दर महिन्याला हजारावर नवा बोजा, आणि अजून गाडीत पेट्रोलही घातलेलं नाही. मुलगी तीन वर्षांत विद्यापीठात जाईल, हेही त्याच काळात येतं. तुमच्या पत्नीचा विरोध गाडीला आहे की या बोजाला, हे त्यांना एकदा शांतपणे विचारा. मला दुसरं कारण जास्त शक्य वाटतं, आणि ते रास्त आहे.

गाडी बाळगण्याचा खर्च हौशी माणूस नेहमी कमी धरतो. विमा, सर्व्हिसिंग, टायर, सुरक्षित गॅरेज आणि अधूनमधून निघणारं मोठं काम मिळून मी वर्षाला साडेतीन हजार धरतो. ६८ हजार ४ टक्क्यांनी ठेवले असते तर २,७२० व्याज आलं असतं. दोन्ही मिळून ६,२२० झाले. म्हणजे गाडी वर्षाला ९ टक्क्यांहून जास्त चढली तरच तुम्ही जिथे होतात तिथे राहाल. याला मी गुंतवणूक म्हणणार नाही. ही हौस आहे, आणि चांगली हौस आहे. तुम्ही आयुष्यभर कष्ट केलेत, तिच्यावर खर्च करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त तो खर्च म्हणूनच मांडा. निवृत्तीच्या कागदावर या गाडीची किंमत शून्य लिहा.

हॅरोत राहता म्हणून आणखी एक मुद्दा. अल्ट्रा लो एमिशन झोन, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून रोजचा आकार घेणारा पट्टा, ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (प्रभागांमध्ये) लागू आहे. ४० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांची 'हिस्टॉरिक' म्हणून नोंद झाली की रोड टॅक्सही जातो आणि हा आकारही. १९८७ मध्ये बनलेल्या गाडीला ही सवलत १ एप्रिल २०२८ पासून मिळेल. तोवर गाडी रस्त्यावर काढाल त्या प्रत्येक दिवसाचे १२ पौंड ५० पेन्स. थांबण्याच्या बाजूने हे छोटं पण खरं कारण आहे.

पुण्याला नेण्याचा विचार मात्र आत्ताच सोडून द्या. वापरलेली गाडी भारतात आणण्याच्या सर्वसाधारण नियमात ती ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. म्हणजे विकायची ती ब्रिटनमध्येच असं धरून चला, आणि शक्यतो परतण्याआधी. भारतात रहिवासी झाल्यावर विकलीत तर भारताच्या करखात्याचा प्रश्न येतो. वैयक्तिक वापराच्या वस्तूला तिथे सूट आहे, पण १९३१ च्या एका फोर्ड गाडीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने नुसती वापरता येण्याजोगी असणं पुरेसं मानलं नाही, प्रत्यक्ष वापराचा पुरावा हवा असं म्हटलं. हॅरोच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीसाठी तो पुरावा कुठून देणार?

दोन वर्षांत काय करायचं ते सांगतो. यंदा आणि पुढच्या वर्षी १ लाखावरचा सगळा पगार पेन्शनमध्ये टाका. २८,८०० ला हात लावू नका. घराचा नवा हप्ता सुरू होऊ द्या आणि सहा महिने तो जमतोय का ते बघा. त्यानंतर जे उरेल ते "९११" नावाच्या वेगळ्या खात्यात, दोघांच्या संमतीने, ११,२०० च्या वर साठवत जा. दोन वर्षांत ६८ हजार जमणार नाहीत, हे मलाही दिसतंय. पण हातात निम्म्याहून जास्त रक्कम असेल, नवा हप्ता अंगवळणी पडलेला असेल, आणि तेव्हा छोटं कर्ज काढायचं की आणखी थांबायचं हे भीतीशिवाय ठरवता येईल. मधल्या काळात स्वस्तातली दुसरी स्पोर्ट्स कार घेऊन मन रमवा, असा सल्ला मी देणार नाही. तुम्हाला हवी आहे ती हीच, आणि दुसरीवर गेलेले पैसे हिच्यातून वजा होतील.

हा वेळ गाडी शिकण्यात घाला. एकाच वर्षाच्या दोन ३.२ गाड्यांच्या किमतीत अवस्थेमुळे हजारो पौंडांचा फरक पडतो, आणि खरा नफा-तोटा खरेदीच्या दिवशीच ठरतो. या गाड्यांचा पत्रा जस्त चढवलेला असतो, म्हणून गंजत नाही असं विकणारे सांगतात. तरी गंजतो. हेडलाइटभोवती, पुढच्या काचेच्या चौकटीत आणि विशेषतः दारामागच्या खांबाच्या तळाशी, रंगाखाली दडलेला. व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्ह ज्यातून सरकतो ती नळी) झिजणं हे या इंजिनाचं ओळखीचं दुखणं आहे. इंजिन उघडावं लागलं तर बिल पाच आकड्यांत जाऊ शकतं. १९८७ पासूनचा जी-५० गिअरबॉक्स आधीच्यापेक्षा हाताला सोपा, म्हणून त्या गाड्यांना जास्त मागणी आणि जास्त भाव. दुरुस्त्यांची बिलं सलग आहेत का, इंजिनाचा नंबर मूळ गाडीचाच आहे का, हे स्वतः बघा. डीलरशी संबंध नसलेल्या, फक्त जुन्या पोर्शेंचं काम करणाऱ्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्या, सिलिंडरची लीक-डाउन चाचणीही (आतली हवा किती गळते ती) करून घ्या. विमा घेताना ठरलेल्या किमतीचाच घ्या आणि ती किंमत दर वर्षी नव्याने ठरवून घ्या, नाहीतर चढत्या बाजारात अपघात झाला तर भरपाई जुन्या भावाने मिळते.

राहिला इसार. पावतीवर ती रक्कम परत मिळेल असं लिहिलंय का, ते आज बघा. लिहिलं असेल तर महिनाअखेरची वाट न पाहता डीलरला ई-मेल करा, सौदा करत नसल्याचं स्पष्ट लिहा आणि १,००० पौंड परत मागा. लिहिलेलं नसेल, तर पावतीचा फोटो मला पाठवा आणि तोवर कर्जाच्या कागदांवर सही करू नका.