लाल पेटी कुठं ठेवलीय?

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

वाळूजला तुझ्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आलो तेव्हा तू मला पाच वर्षांचा आराखडा दाखवलास. सल्लागारांनी केलेला, गुळगुळीत कागदाचा, रंगीत. त्यात तीन भविष्यं मांडली होती. इलेक्ट्रिक गाड्या झपाट्यानं आल्या तर, हळू आल्या तर, आणि मध्येच अडकल्या तर. सगळं दाखवून झाल्यावर तू विचारलंस, "काका, यातलं कोणतं धरून चालू?" मी गप्प बसलो. काकूला वाटलं मला डुलकी लागली. डुलकी नव्हती. त्याआधीच्या तुझ्या मीटिंगमधून मी बाहेरच आलो नव्हतो.

तू पडद्यावर आकडे दाखवत होतीस. मागच्या रांगेत मामा बसले होते. तुझ्या बाबांनी प्रेस शॉपला, पत्रा दाबून भाग काढायच्या विभागाला, घेतलेला पहिला माणूस. गिऱ्हाईक कंपनीच्या मागणीचं पुढच्या तीन महिन्यांचं शेड्यूल आलं तेव्हा मामा खुर्चीच्या कडेला सरकले आणि त्यांनी तोंड उघडलं. तू हात वर करून म्हणालीस, "मामा, प्रश्न शेवटी." शेवटी प्रश्न झाले नाहीत, चहा झाला.

मग आपण शॉपमध्ये गेलो. मी तुझ्या मागे चालत होतो म्हणून मला दिसलं. नाकारलेल्या मालाची लाल पेटी प्रेसशेजारी नव्हती. जमिनीवर तिचा चौकोनी डाग होता फक्त. पेटी कंप्रेसरच्या मागे होती आणि एक पोरगा तिच्यावर पोतं ओढत होता. तू म्हणशील, पाहुणे आले म्हणून. नाही बाई. पोतं ओढताना तो माझ्याकडे नाही, तुझ्याकडे बघत होता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या पोत्याखाली आहे. उद्या काय होईल ते मला माहीत नाही, तुझ्या सल्लागारालाही नाही. पण वाईट बातमी मालकापर्यंत किती दिवसांत पोचते, ते मोजता येतं. तेवढं मोज. बाकी आराखडा कपाटात ठेवलास तरी चालेल.

लातूरच्या माझ्या डाळमिलमध्ये मी हे कसं शिकलो ते तुझ्या बाबांना माहीत आहे, पण त्यांनी तुला सांगितलं नसेल. मित्राची लाज झाकायची त्यांची सवय.

२०१४ कोरडं गेलं, २०१५ ही कोरडंच. तुरीची डाळ किरकोळीत किलोला २०० च्या वर गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाचेक लाख लिटर. मीही स्टेशनकडे बघायला गेलो होतो, कळशी न घेता, नुसता बघायला. त्या दिवसांत शहरात कुणालाही विचार, पाऊस या विषयावर बोलायची कुणाची छाती नव्हती. हवामान खात्यानं त्याच महिन्यात सरासरीपेक्षा जास्त पावसाचा अंदाज दिला, तो मी पेपरात वाचला आणि पेपर घडी करून ठेवला. दोन वर्षं आभाळ फसवतंय, तिसऱ्या वर्षी कशाला बरसेल, असा माझा हिशोब. हाही एक आराखडाच होता. कागदावर नव्हता एवढंच.

पाऊस आला. आषाढात माझा मुकादम, औसा तालुक्यातला, गावाहून परत आला आणि वजनकाट्यापाशी उभा राहून म्हणाला, "मालक, औंदा लई तूर पेरल्यात." मी फोनवर सौदा करत होतो. फोनवर हात ठेवून म्हणालो, "भावाचं तुला काय कळतंय?" तो कट्टे, म्हणजे पोती, मोजायला गेला.

मी तूर घेत राहिलो. क्विंटलला आठ हजारांच्या वर. बँकेच्या कर्जाची सीसी लिमिट संपेपर्यंत. त्या काळात डाळींच्या साठ्यावर सरकारी मर्यादा होती, तिला मी रोज शिव्या द्यायचो. तिनंच मला वाचवलं. नाहीतर पंधराशे क्विंटलवर थांबलो नसतो.

त्या वर्षी येळवशीला मुकादमानं शेतात जेवायला बोलावलं. तू छत्रपती संभाजीनगरकडची, तुला येळवस नीट माहीत नसेल. मार्गशीर्षातली अमावस्या, लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी दुकानं ओस आणि शिवारं भरलेली. कडब्याची कोप, आत पाच पांडव म्हणून पुजलेले दगड, भज्जी, बाजरीचे उंडे, बिंदग्यात, म्हणजे मडक्यात, आंबील. मी बांधावर उभा राहिलो आणि चारी बाजूंनी तूर. पलीकडच्या रानात तूर, त्याच्या पलीकडे तूर, शेंगांनी वाकलेली. डोक्याएवढी उंच. हातातला आंबिलीचा तांब्या मी तसाच धरून उभा होतो. देशात तुरीचं पीक आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट आलं, हे मला पुढं पेपरातून कळलं. मुकादमाच्या बांधावर ते जूनपासून उभं होतं.

आणि मी काय केलं? त्याच्यावरच ओरडलो. त्याच्या बायकोपोरांसमोर. "अरे, मग सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "सांगितलो की मालक. तुमीच म्हनलाव, भावाचं तुला काय कळतंय."

जानेवारीत नवी तूर मोंढ्यात आली. हमीभाव ५,०५० आणि बाजार त्याच्या खाली. खरेदी केंद्रांवर रांगा, बारदाना नाही, शेतकरी मालाच्या ढिगावर झोपलेले. माझी आठ हजारांची तूर गोदामात. औसा रोडची जागा विकून मी आडत्यांचे पैसे दिले. आज त्या जागेचा भाव निघाला की काकू माझ्याकडे बघते. पण मोंढ्यात कुणाचा एक रुपया माझ्याकडे अडकला नाही, हे तुला सांगून ठेवतो. मिल चालू ठेवली, एकाही माणसाला काढलं नाही. लोक म्हणाले हट्टी आहे. होतोच. असो, हा विषय नाही.

त्यानंतर मी एक वही केली, दोन तारखांची. पहिली तारीख, गोष्ट बिघडल्याचं कुणाला तरी पहिल्यांदा कळलं ती. दुसरी, मला कळलं ती. पहिलीच नोंद सांगतो. तुरीची सालं काढणारा इमरी रोलर झिजला होता, डाळीत तुकडा वाढत होता. ऑपरेटरला कळलं ३ तारखेला. मला कळलं २६ ला, तेही गिऱ्हाईकाच्या फोनवरून. तेवीस दिवस! तेवीस दिवस ती बातमी माझ्याच मिलमध्ये माझ्यापासून तीस फुटांवर हिंडत होती. ऑपरेटरनं मुकादमाला सांगितलं, मुकादमानं मुनीमजींना, मुनीमजी म्हणाले, "आज मालकाचं डोकं फिरलंय, उद्या बघू." माझं डोकं तेवीस दिवस फिरलेलं असणार.

मग दर सोमवारी वजनकाट्याच्या केबिनमध्ये चहा. मालकाची खुर्ची नाही, सगळे कट्ट्यांवर. एकच प्रश्न, काय बिघडलंय? पहिले चार सोमवार सगळे म्हणाले, सगळं ठीक आहे. पाचव्या सोमवारी बोअरवर बसणारा म्हातारा म्हणाला, पाणी गढूळ येतंय. मी त्याच्यासमोर मिस्त्रीला फोन लावला. सुधारायला मुकादम, मुनीम कुणी काही केलं नाही, त्या एका फोननं केलं. वर्षभरात वहीतलं अंतर दोन-तीन दिवसांवर आलं. सांगणाऱ्यावर मी ओरडलो तर सगळ्यांना भजी माझ्याकडून, असा दंड होता. पहिल्या वर्षी भजीवाला खूष होता.

आता तू म्हणशील, तुमची डाळ, माझा सुटा भाग. तुमच्या तुरीचं माझ्या इलेक्ट्रिकला काय. अगं, तेच तर! मला कशाला विचारतेस? विजेच्या स्कूटरला पिस्टन नाही, सायलेन्सर नाही, हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. तुझ्या कोणत्या भागाची मागणी आधी आटेल, हे कळणारी माणसं तुझ्याच पगारावर आहेत. तुझा डिस्पॅचवाला कंपनीच्या गेटवर रोज उभा असतो. गाडी खाली व्हायला पूर्वी दोन तास लागायचे, आता पाच लागतात. आत माल तुंबलाय, हे तुझ्या शेड्यूलच्या आधी त्याला कळतं. टूलरूममधल्या माणसाला कळतं की जुन्या डायच्या, म्हणजे साच्यांच्या, दुरुस्तीचे फोन बंद झालेत. तुझ्या हिशोबनीसाला कळतं की बिल पूर्वी साठाव्या दिवशी यायचं ते आता नव्वदाव्या दिवशी येतंय. (लेखी करार असेल तर ४५ दिवस, नसेल तर १५, हे २००६ च्या कायद्यात आहे. मोठ्या गिऱ्हाईकाला ते म्हणून दाखवायला जिगर लागते, हेही मला माहीत आहे.) या तिघांना विचारलंस कधी? सल्लागारानं विचारलं का? त्यानं तुझी मुलाखत घेतली, तुझ्या सीएची घेतली आणि वातानुकूलित गाडीतून गेला.

सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेव, एकाच गिऱ्हाईकावर विसंबू नको, हे तुला कुणीही सांगेल. बरोबरच आहे, कर. पण बातमी तुझ्यापर्यंत पोचली नाही तर तो बाजूला ठेवलेला पैसाही चुकीच्या जागी जाईल. माझ्याकडेही पैसा होता. त्याचीच तूर घेतली मी.

एक गोष्ट मात्र वहीनं सुटत नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, विसर्जनाची रात्र संपता संपता. पण त्या भागात आदल्या वर्षीच, १९९२ मध्ये, धक्के बसत होते. आमच्या मिलमध्ये तिकडचे हमाल होते, ते सांगायचे. आधी घाबरून सांगायचे, मग हसत, मग सांगायचंच बंद झालं. मीही विचारायचं बंद केलं. दगडमातीच्या भिंती आणि वर धाब्याची माती, सगळ्यांना माहीत होतं. वाईट बातमी रोज आली की ती बातमी राहत नाही. म्हणून लाल पेटी लपवली तर मी रागावतोच, पण भरलेली पेटी रोज त्याच जागी दिसून कुणाला काहीच वाटत नसेल, तर ते जास्त वाईट.

आणि हेही लिहितो, नाहीतर तू म्हणशील काका स्वतःची आरती करतात. वही सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. मे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझे बिहारचे सात कामगार रात्री निघून गेले. मिल चालू होती, जेवणाची सोय होती, पगार दिला होता. सकाळी त्यांच्या खोलीत चटया गुंडाळून ठेवलेल्या. त्याच आठवड्यात, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळावर झोपले असताना मालगाडीखाली गेले. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा माझे सात जण कुठं आहेत ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी नांदेडच्या पुढून एकाचा फोन आला, तोपर्यंत मी अंगणातच बसून होतो.

मला राग आला होता. सांगितलं असतं तर गाडी करून दिली नसती का? कितीतरी दिवस मी हेच म्हणत फिरलो. खरं म्हणजे मी "थांबा" म्हणालो असतो. गोड बोलून थांबवलं असतं. ते त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. सोमवारचा चहा ते माझ्याबरोबर पीत होते, तरी.

माझा मुलगा पुण्याला बँकेत आहे, मिलमध्ये आला नाही. त्याला मी वहीचं कौतुक सांगतो तेव्हा तो म्हणतो, "बाबा, तुमची वही २०१७ ची. आमचं लहानपण त्याआधीचं." यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी त्याला म्हणालो, धंदा करताना आवाज चढतो. तो म्हणाला, हो.

तुझा आवाज चढत नाही, तू हात वर करतेस. परिणाम तोच.

सोमवारी मामांना केबिनमध्ये बोलावू नकोस, प्रेसपाशी जा. स्टूल घे, उभी राहू नकोस. शेड्यूलबद्दल काय म्हणत होता, एवढंच विचार, आणि त्यांचं होईपर्यंत फोन उलटा ठेव. ते आधी म्हणतील, काही नाही, सहजच. तिथून उठू नकोस. लाल पेटी जाग्यावर आली का ते मला कळव, आणि आराखड्यातलं कोणतं भविष्य खरं निघालं तेही, पण ते सावकाश.

येळवशीला इकडे ये. मुकादम आता काम करत नाही, पण शेत आहे, आंबील आहे. यंदा शिवारात काय पेरलंय ते तू त्याला विचार. मी मध्ये बोलणार नाही. बोललो तर हात वर कर.

तुझा,
काका