पाटी फेकल्यावर त्याला काय मिळतं, ते आधी बघा

मॅडम, तुमची अडचण थोडक्यात अशी: तिसरीतला मुलगा, बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र आहे, बोलतो मोजकेच शब्द. लिहायला बसवलं की पाटी फेकतो, किंचाळतो, शेजारच्याला चावतो. तुम्ही स्टारचा तक्ता लावलात, आठवडाभर नीट वागला तर शनिवारी चॉकलेट. उपयोग शून्य. वर बाकीचे पालक ‘याला दुसरीकडं घाला’ म्हणत ऑफिसात येतायत. मी इथंच सोलापुरात विशेष शिक्षिका म्हणून बरीच वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तक्ता तूर्त बाजूला ठेवा. सोमवारी वही उघडली त्याचं चॉकलेट शनिवारी मिळालं, तर या पोराच्या डोक्यात त्या दोन गोष्टींचा सांधा जुळत नाही. पण खरी मेख तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्यात आहे: फेकाफेक केली की तुम्ही त्याला व्हरांड्यात पाठवता आणि तिथं तो खिचडीच्या मावशींजवळ शांत बसतो. बघा की! लिहिणं नको होतं, पाटी फेकली, लिहिणं सुटलं, वर मावशींची माया. तुमच्या दृष्टीनं ती शिक्षा आहे. त्याच्या दृष्टीनं पाटी फेकणं हा रोज हमखास चालणारा उपाय आहे.

अर्थात हा माझा अंदाज. खात्री करायला आठवडाभर एका वहीत तीन रकाने भरा: आधी काय घडलं, त्यानं नेमकं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा त्याचं काय टळलं. वेळ आणि वार टाका. ‘त्रास दिला’ असं मोघम नको. ‘फळ्यावरचं उतरवा म्हटल्यावर पाटी भिंतीकडं फेकली’ असं लिहा. मुलं असं वागतात ती बहुधा चार कारणांनी: कोणीतरी लक्ष द्यावं म्हणून, नको ते टाळायला, हवी ती वस्तू मिळवायला, किंवा त्या हालचालीचा वा आवाजाचाच शरीराला दिलासा मिळतो म्हणून. पाच-सहा दिवसांत वहीतच कल दिसतो. शनिवारच्या नोंदी वेगळ्या बघा. त्या दिवशी शाळा सकाळची, वेळापत्रक उलटंपालटं, अशा मुलांना बिथरायला तेवढंही पुरतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की पत्र्याच्या घरात रात्रीची झोप होत नाही, त्याचाही राग सकाळी पाटीवर निघतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांतल्या जागरणाचं तेच. आणि ‘घरी यंत्रमागाच्या खडखडाटात झोपतो, मग घंटेनं का दचकतो’ असं म्हणू नका. सतत चालणारा ओळखीचा आवाज वेगळा, अचानक कानाशी वाजणारी घंटा वेगळी.

हे वागणं नवीन असेल किंवा एकाएकी वाढलं असेल, तर आधी दात, कान, पोट तपासून घ्यायला सांगा. दाढ दुखते हे त्याला सांगता येत नाही. फिटची गोळी चालू आहे का तेही विचारा. काही औषधांनी चिडचिड वाढते. पण गोळी बंद करायचा निर्णय डॉक्टरांचाच, घरच्यांना हे दोनदा बजावा.

वहीत ‘लिहिणं टाळणं’ हेच निघालं, तर दोन कामं एकदम सुरू करा. पहिलं, काम लहान करा: पानाऐवजी दोन ओळी, त्यातली एक तुम्ही ठिपक्यांची काढून दिलेली. दुसरं, त्याला सुटी मागायची रीत शिकवा. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर बसलेल्या मुलाचं चित्र, भोक पाडून दोरीनं बाकाला बांधलेला. तो शांत असतानाच शिकवायचं: त्याचा हात धरून कार्ड तुमच्या हातात द्यायचं, तुम्ही ‘थांबू या’ म्हणायचं आणि त्याच क्षणी पेन्सिल खाली. सुरुवातीला तो दर मिनिटाला कार्ड देईल. देऊ दे! फेकण्यापेक्षा कार्ड लवकर चालतं हे एकदा त्याला पटू दे, मग हळूहळू ‘अजून एक शब्द, मग थांबू या’ म्हणता येतं. घरी तेलुगू बोलतात असं तुम्ही लिहिलंय. पाणी, शू, नको, दुखतंय यासाठी तो घरी काय बोलतो किंवा काय खूण करतो, ते त्याच्या आजीकडून लिहून घ्या आणि ते शब्द वर्गात तुम्हीही वापरा.

कौतुक लगेच आणि नेमकं करा. ‘गुड बॉय’ ऐकून त्याला काही कळत नाही. ‘पेन्सिल हातात घेतलीस, छान’ हे कळतं. पुढं तक्ता परत लावलात, तर तीन स्टारला बक्षीस, तेही त्याच तासाला. आणि मिळालेला स्टार रागानं काढून घ्यायचा नाही, ही चूक फार शिक्षक करतात.

आता अवघड भाग. फेकून सुटका होत नाही म्हटल्यावर पहिले काही दिवस फेकणं वाढेल. तेव्हा माघार घेतलीत, तर ‘अजून जोरात फेकायचं’ एवढंच तो शिकेल. म्हणून मुख्याध्यापक, मावशी, शिपाई सगळ्यांना आधी सांगून ठेवा: धावत आला तर लाड नको, रागावणंही नको, हात धरून परत वर्गात. चावण्याकडं मात्र दुर्लक्ष करायचं नाही. शेजारचं मूल आधी हलवा, आवाज खाली, शब्द दोन-तीनच, आणि लिहिण्याच्या तासाला त्याची जागा तुमच्या टेबलाजवळ ठेवा.

‘दोन रट्टे दिल्याशिवाय सुधारत नाहीत’ म्हणणारे सहकारी भेटतीलच. शिक्षण हक्क कायदा 2009च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. याच कायद्यानं प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि दिव्यांग हक्क कायदा 2016 त्याला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क देतो. पालकसभेत एवढं शांतपणे सांगा, पण त्याचं निदान तिथं बोलू नका. ज्या मुलीला चावला, तिच्या आईला मात्र सभेची वाट न बघता वेगळं बोलवा. जागा बदललीय, पुढं काय करणार आहात ते सांगा. तिची तक्रार रास्त आहे.

वही भरून झाली की समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक पुढच्या वेळी शाळेत येतील तेव्हा त्यांच्यापुढं तीच ठेवा. ‘मुलगा फार त्रास देतो’ म्हटलं तर भेट गप्पांत जाते. तारीखवार नोंदी दिल्या तर त्याच बैठकीत त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात कार्डाचं उद्दिष्ट घालून घेता येतं.