पुढचा सीझन कधी येणार जी? : वाचकांचे प्रश्न

ॲनिमेबद्दल, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांबद्दल, प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं. बहुतेक पत्रांचा सूर एकच निघाला: मालिका संपली, आता पुढचं येईपर्यंत करायचं काय? त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या आवडत्या मालिकेचा पहिला सीझन संपून दीड वर्ष झालं. यूट्यूबवर दर आठवड्याला ‘सीझन 2 कन्फर्म’ असा नवा व्हिडिओ येतो आणि दरवेळी तारीख वेगळीच असते. खरं कोणाचं मानायचं जी?
— बारावीची विद्यार्थिनी, दारव्हा

उत्तर : त्या व्हिडिओत एकच गोष्ट शोध. बातमी कोणी दिली आणि कोणत्या दिवशी दिली, हे सांगितलंय का? खरी घोषणा मालिकेच्या अधिकृत जपानी संकेतस्थळावर आणि तिच्याच अधिकृत एक्स खात्यावर होते. सोबत बहुधा नवीन चित्र किंवा छोटा टीझर असतो. जुन्या सीझनचे तुकडे, चाहत्यांनी काढलेली चित्रं आणि ‘लवकरच’ एवढंच भांडवल असलेला व्हिडिओ सरळ बंद कर. ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबायला विसरू नको, नाहीतर उद्या तसेच आणखी चार समोर येतील.

खऱ्या घोषणेलाही दोन पायऱ्या असतात आणि गोंधळ इथेच होतो. पहिली पायरी ‘सेइसाकु केत्तेई’, म्हणजे निर्मिती करायचं ठरलं. त्यात बहुधा तारीख नसते. दुसऱ्या पायरीत प्रसारणाचा महिना जाहीर होतो. या दोन्हींमध्ये किती अंतर पडतं ते बघ. ‘जुजुत्सु कायसेन’चा दुसरा सीझन फेब्रुवारी 2022 मध्ये जाहीर झाला आणि जुलै 2023 मध्ये आला. ‘फ्रिरेन’चा दुसरा सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर झाला, आला जानेवारी 2026 मध्ये. ‘वन पंच मॅन’च्या चाहत्यांना सगळ्यात जास्त कळ काढावी लागली: दुसरा सीझन सप्टेंबर 2016 मध्ये जाहीर होऊन एप्रिल 2019 मध्ये आला, तर तिसरा ऑगस्ट 2022 मध्ये जाहीर होऊन ऑक्टोबर 2025 मध्ये. म्हणून घोषणा झाली की त्या दिवसापासून दीड वर्ष धरून चाल. आधी आला तर आनंदच आहे.

एवढा वेळ का लागतो? बहुतेक ॲनिमे स्टुडिओ एकटा काढत नाही. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी विकणारे असे चार-सहा जण मिळून निर्मिती समिती करतात आणि पैसा ती समिती घालते. स्टुडिओला काम ठरवून दिलेलं असतं, आणि चांगल्या स्टुडिओकडे पुढच्या दोन-तीन वर्षांच्या कामांची रांग आधीच लागलेली असते. दिग्दर्शक आणि पात्रांची रेखाटनं ठरवणारा कलाकार मोकळे होईपर्यंत थांबायचं, की दुसरा स्टुडिओ बघायचा, यातलं एक समितीला निवडावं लागतं. ‘अटॅक ऑन टायटन’चे पहिले तीन सीझन विट स्टुडिओने केले, शेवटचा मापाने. ‘वन पंच मॅन’ मॅडहाउसकडून जे.सी.स्टाफकडे गेली. सीझन लांबला म्हणजे मालिका पडली असं नसतं. बरेचदा काम करणारे हातच मोकळे नसतात.

प्रश्न : मित्र म्हणतो मांगा (ॲनिमे जिच्यावरून काढतात ती जपानी चित्रकथा) वाच, थांबायची गरजच नाही. कुठून सुरुवात करू? आणि मांगावरून पुढचा सीझन कधी येईल ते समजते का?
— आयटीआयचा विद्यार्थी, उमरखेड

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात हिशेब आहे. एका एपिसोडमध्ये मांगाची साधारण दोन ते तीन प्रकरणं खर्ची पडतात. ‘फ्रिरेन’च्या पहिल्या सीझनमध्ये 28 एपिसोड आणि 60 प्रकरणं होती. ‘व्हिनलँड सागा’च्या पहिल्या सीझनमध्ये 24 एपिसोड आणि 54 प्रकरणं. म्हणजे 12 एपिसोडच्या सीझनला 25 ते 35 प्रकरणांचा साठा लागतो. आता मांगा ॲनिमेच्या किती पुढे गेला आहे ते मोज. साप्ताहिकात येणाऱ्या मांगाची वर्षाला चाळीस-पंचेचाळीस प्रकरणं निघतात, लेखकाने मध्ये सुट्टी घेतली नाही तर. मासिकात येणाऱ्याची फक्त 12. मासिकातल्या मांगाचा साठा संपला असेल, तर नुसता एका छोट्या सीझनपुरता माल जमायला दोन वर्षांहून जास्त काळ जातो. साठा भरपूर असूनही घोषणा नसेल, तर अडचण स्टुडिओच्या रांगेत किंवा समितीच्या पैशात आहे असं समज.

वाचायला सुरुवात कुठून? सीझनचा शेवटचा प्रसंग मांगात कुठे येतो ते शोध आणि तिथून तीन प्रकरणं मागे जा. ॲनिमेत प्रसंग मागेपुढे केलेले असतात, काही गाळलेले असतात. बरोबर पुढच्या पानापासून वाचलं की मध्येच एखादं अनोळखी पात्र बोलायला लागतं आणि काही कळत नाही. हातात वर्षभर असेल तर पहिल्या प्रकरणापासूनच वाच, ते जास्त समाधानाचं आहे. पुढचा सीझन तीन महिन्यांवर आला असेल तर मात्र वाचू नको. ॲनिमेतली पहिली भेट पुन्हा मिळत नाही.

शुएशा या प्रकाशकाचं मांगा प्लस हे अधिकृत ॲप आहे. त्यात बहुतेक मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं इंग्रजीत फुकट वाचता येतात. पान उजवीकडून डावीकडे वाचायचं, चौकटीही तशाच. छापील खंड घ्यायचे असतील तर तिघा-चौघांत वर्गणी काढून घ्या. साप्ताहिक मालिकेच्या एका खंडात आठ-दहा प्रकरणं असतात.

प्रश्न : ‘नो गेम नो लाइफ’चा दुसरा सीझन येईल का हो? वाट पाहून पाहून थकलो.
— वाचक, पुसद

उत्तर : ती मालिका 2014 ची, 12 एपिसोडची, कादंबऱ्यांवरून काढलेली. 2017 मध्ये एक चित्रपट आला, त्यानंतर पुढचा सीझन नाही. अशा मालिका बरेचदा मूळ कादंबऱ्यांचा खप वाढावा म्हणून काढलेल्या असतात. खप वाढला की समितीचं काम झालेलं असतं. वाट पाहायची यादी करत असाल तर तिचं नाव त्यातून काढा आणि कादंबऱ्या वाचायला घ्या. कथा तिथे पुढे गेलेली आहे.

प्रश्न : आमच्याकडे रेंज म्हणजे गावाबाहेरच्या टेकाडावर. सीझन येतो तेव्हा नेमकी शेताची कामं. शहरातले मित्र त्याच रात्री सगळं ग्रुपवर टाकून देतात. काय करावं?
— शेतकरी, एटापल्ली तालुका

उत्तर : ॲनिमेचं वर्ष चार हंगामांचं: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. एका हंगामात 12-13 एपिसोड, आठवड्याला एक. जुलैत धानाची रोवणी आणि ऑक्टोबरात धान कापणीला येतं, म्हणून हे दोन हंगाम तुमच्यासाठी अवघडच. जानेवारी आणि एप्रिलच्या मालिका दर आठवड्याला बघा. जुलै-ऑक्टोबरच्या साठवून ठेवा आणि तीन-तीन एपिसोडचा गठ्ठा करून बघा. एका बैठकीत बाराही संपवू नका, तीन महिन्यांची मजा एका रात्रीत जाते.

वेळ अशी काढायची: जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथल्या वेळापत्रकात ‘शुक्रवार 25:30’ असं दिसलं तर ती चूक नाही. ती शनिवारची पहाटेची दीड, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी रात्रीचे दहा. सबटायटलसह एपिसोड त्याच वेळी किंवा थोड्या वेळाने येतो. हिंदी डब बहुधा काही आठवड्यांनी येतो, म्हणून डबवाल्यांनी आपलं वेळापत्रक वेगळंच ठेवावं.

बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात की डाउनलोड करा. ॲपच्या सेटिंगमध्ये गुणवत्ता 480पी ठेवा. 24 मिनिटांच्या एपिसोडला दीडशे-दोनशे एमबी पुरतात. 1080पी ठेवलंत तर त्याच्या चार-पाच पट जातात आणि सहा इंची पडद्यावर फरक फारसा दिसत नाही. रोजचा डेटा रात्री बाराला नव्याने मिळतो, म्हणून उरलेला अकरा वाजेपर्यंत डाउनलोडला लावा. घरी निघण्याआधी फोन एरोप्लेन मोडवर टाकून प्रत्येक एपिसोड दहा सेकंद चालवून बघा. अर्धवट उतरलेली फाइल कधीकधी यादीत पूर्ण झाल्यासारखी दिसते आणि फसगत गावात पोचल्यावर कळते. मात्र काही ॲपवर एकदा प्ले केलं की डाउनलोडची मुदत सुरू होते. तुमच्या ॲपचा नियम आधी वाचा. मुदत कमी असेल तर एकच एपिसोड चालवून तपासा.

‘सगळं फुकट’ म्हणणारी एपीके फाइल टाकू नका. असल्या फाइलला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपीही तिच्या हाती लागतो.

ग्रुपचं म्हणाल, तर सरळ ठराव करून घ्या: एपिसोड आल्यापासून दोन रविवार उलटेपर्यंत ग्रुपवर चित्र, मीम, स्टेटस काही नाही. ज्याला बोलायचंच आहे त्याने वेगळा ग्रुप काढावा आणि नावात एपिसोडचा आकडा टाकावा. यूट्यूबवर बोट लावायची गरज नसते, थंबनेलच घात करतं. म्हणून त्या दिवसांत वॉच हिस्टरी बंद ठेवा आणि मालिकेचं नाव सर्चमध्ये टाकू नका.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. आवडती मालिका संपली तेव्हापासून चिडचिड करतो. तेच एपिसोड रात्री उशिरापर्यंत पुन्हा पुन्हा पाहतो. चित्रं छान काढतो, पण तेही सोडलं. रागवावं की कसं?
— आई, वरूड

उत्तर : ताई, रागावू नका. मालिका 28 एपिसोडची असेल, तर अकरा तासांहून जास्त वेळ तो त्या माणसांसोबत राहिलेला आहे. त्यांची आठवण येणारच. रात्रीचा प्रश्न मात्र सोडवायला हवा. आधी ऑटोप्ले बंद करा. एपिसोड मुद्दाम अशा जागी संपवतात की पुढचा लावल्याशिवाय चैन पडू नये. म्हणून एपिसोडच्या शेवटी थांबायला सांगितलं तर भांडण होतंच. त्यापेक्षा मध्यावर, दहाव्या-बाराव्या मिनिटाला बहुधा मालिकेच्या नावाची पाटी येते, तिथे थांबायचं ठरवा. त्या जागी बरेचदा ताण कमी असतो, फोन सुखाने खाली ठेवला जातो. पुन्हा बघायचं तर आठवड्याला एक, रविवारी, तुम्हीही सोबत बसून. आठवीच्या मुलाला न झेपणाऱ्याही पुष्कळ ॲनिमे आहेत, त्यामुळे वयाची खूणही बघून घ्या.

आणि चित्रांचं सोडू नका. ॲनिमेत सेकंदाला 24 फ्रेम असतात, पण एकेक चित्र बहुधा दोन-तीन फ्रेम तसंच ठेवतात. म्हणजे सेकंदाला आठ चित्रांत काम भागतं. पानं अंगठ्याखालून भराभर सोडली की चित्र हलताना दिसतं, अशी छोटी वही त्याला हाताने करून बघू द्या.

झेरॉक्सचे पाच ए-4 कागद घ्या. प्रत्येकाचे आठ सारखे तुकडे केले की 40 पानं होतात, म्हणजे पाच सेकंदांचं चित्र. पानं आडवी धरून डावीकडचे तीन सेंटिमीटर क्लिपसाठी कोरे ठेवायचे. प्रत्येक पानावर आकडा टाकायचा. चित्र म्हणून तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घ्या, चाकांवरचा, दोन सेंटिमीटर लांबीचा. आधी पान 1, 9, 17, 25, 33 आणि 40 काढायची. स्टुडिओतही असंच करतात: मुख्य चित्रं अनुभवी कलाकार काढतात आणि मधली चित्रं नवखे भरतात. मग फोटोफ्रेमच्या काचेखाली मोबाईलचा टॉर्च लावून, दोन मुख्य पानं कोपऱ्याला कोपरा जुळवून खाली ठेवायची आणि मधली चित्रं भरायची. बैल प्रत्येक पानाला दीड मिलिमीटर पुढे सरकवायचा. पहिली पाच आणि शेवटची पाच पानं मात्र अर्धा मिलिमीटरच, नाहीतर बैल धक्का दिल्यासारखा सुटतो आणि भिंतीवर आदळल्यासारखा थांबतो. चाकावर एक ठिपका द्यायचा. चाकाचा व्यास अर्धा सेंटिमीटर असेल तर दहा-अकरा पानांत ठिपक्याची एक फेरी व्हायला हवी.

पहिल्या वेळी बैल थरथरेल. बहुतेकदा पानांचे कोपरे नीट जुळवलेले नसतात. क्लिप काढून पानं टेबलावर ठोकून पुन्हा लावा. पानं एकमेकांना चिकटत असतील तर उजव्या कडेला थोडी तिरकी ठेवून क्लिप लावा, अंगठ्याखालून एकेक सुटतात. पेन्सिलचं काम पसरतं म्हणून शेवटी काळ्या बॉलपेनने गिरवून घ्यायचं, आणि शाई वाळायला दहा मिनिटं द्यायची.