वाचकांचे प्रश्न : हेडलाइटचे एलईडी बल्ब लुकलुकतात तेव्हा

प्रश्न : माझ्या २०१३ सालच्या पेट्रोल हॅचबॅकचे एच-४ हॅलोजन काढून गेल्या वर्षी एलईडी बल्ब बसवले. आता डिपरवर (लो बीमवर) डावीकडचा लुकलुकतो, खड्ड्यातून गाडी गेली की जास्तच. पावसाळ्यात त्रास वाढलाय. दुकानदार कॅनबस डिकोडर लावायला सांगतो. लावू का?
— रत्नागिरी

उत्तर : नको. डिकोडर म्हणजे तुटक येणारी वीज सलग करून बल्बाला देणारी डबी. त्याने जाणारा दोष सहसा दोन्ही बाजूंना सारखा दिसतो आणि खड्ड्यांशी त्याचा संबंध नसतो. तुमचा एकाच बाजूचा दिवा हादऱ्याने बिघडतोय आणि दमट हवेत वाढतोय, म्हणजे कुठेतरी जोड सैल झालाय किंवा गंजलाय. समुद्राजवळच्या गाड्यांत पहिला संशय बॉडी अर्थवर, म्हणजे दिव्याची निगेटिव्ह तार गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते त्या जागेवर घ्यावा.

आधी डावा-उजवा बल्ब अदलाबदल करून बघा. लुकलुक बल्बाबरोबर उजवीकडे गेली तर दोष बल्बात किंवा त्याच्या ड्रायव्हरच्या (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या) डबीत आहे. डावीकडेच राहिली तर तिथे जुना हॅलोजन बसवा. मात्र तो स्थिर जळतो एवढ्यावरून वायरिंगला निर्दोष ठरवू नका. हॅलोजनची तार तापलेली असते, क्षणभर वीज तुटली तरी तिचा उजेड कमी होत नाही. एलईडी तेवढ्यातही विझते. हॅलोजन बसवायचा तो मोजमापासाठी. तो साडेचार-पाच अँपिअर ओढतो, एलईडी साधारण दोन. करंट जास्त वाहिला की खराब जोड मीटरवर लगेच उघडा पडतो.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन बंद, डिपर चालू. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन कपलरच्या (बल्ब ज्यात खोचतो त्या प्लास्टिकच्या जोडाच्या) मागून अर्थच्या तारेला लावा. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. ०.२ च्या वर गेले तर अर्थ साफ करायलाच हवा. तार हलकेच हलवल्यावर आकडा उड्या मारत असेल तर जागा सापडली. काही जपानी घडणीच्या गाड्यांत तीन तारांपैकी सामाईक तार अर्थ नसून पॉझिटिव्ह असते. दिवा लावल्यावर तिच्यावर १२ व्होल्ट दिसतात, त्यावरून ओळखा. अशा गाडीला कुठल्याही ध्रुवतेवर चालणारा एच-४ एलईडीच लागतो.

अर्थचा बोल्ट बहुधा हेडलाइटच्या मागे पत्र्यावर, १० नंबरच्या पान्याने निघणारा असतो. बॅटरीची निगेटिव्ह काढून तो खोला, थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा दोन्ही चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. जेली आवळल्यानंतरच लावायची. थिंबलमध्ये शिरणारी तार हिरवी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवे थिंबल दाबा.

मग कपलर बघा. प्लास्टिक तपकिरी पडलेय किंवा वितळलेय का? पूर्वी कधी ९०/१०० वॅटचा बल्ब वापरला असेल तर ही शक्यता मोठी. एलईडी कमी करंट घेते हे खरे, पण तापून ढिली पडलेली पितळी पट्टी पुन्हा पकड धरत नाही. सिरॅमिक होल्डर घ्या, त्याच्या तारा निदान १.५ चौरस मिलिमीटरच्या असाव्यात. जोड डाग देऊन किंवा क्रिम्प करून वर हीट-श्रिंक चढवा. तारा पिळून टेप गुंडाळली तर पुढच्या पावसाळ्यात हाच प्रश्न पुन्हा येईल.

प्रश्न : सेडानला एच-७ एलईडी लावले. दोन्ही एकदम फडफडतात, डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण येते आणि दिवे बंद असतानाही मधूनच मंद चमक दिसते.
— पुणे

उत्तर : इथे मात्र डिकोडरच लागेल. तुमच्या गाडीत दिव्यांना वीज बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक) देतो. तो ती सलग न देता वेगाने चालू-बंद करत देतो आणि दिवा बंद असतानाही छोटे ठोके सोडून बल्ब शाबूत आहे का ते तपासतो. हॅलोजनला हे जाणवत नाही, एलईडी प्रत्येक ठोक्याला चमकते. डिकोडरमधला कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) मधल्या फटी भरून काढतो.

खूण जात नसेल तर करंट कमी पडतोय. प्रत्येक बाजूला ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर बल्बाला समांतर जोडा. १३.५ व्होल्टला तो २.२५ अँपिअर ओढतो. एलईडीचे दोन धरले की बेरीज हॅलोजनच्या जवळ जाते. पण यात ३० वॅट उष्णता सतत बाहेर पडते, हात भाजेल इतकी. तो उघड्या पत्र्यावर स्क्रूने कसा. प्लास्टिक, रबरी नळ्या, वायरिंग यांपासून लांब ठेवा, आणि केबल टायने लटकवू तर अजिबात नका. अशा गाडीत साधा रिले किटही (दिव्यांना थेट बॅटरीवरून वीज देणारा स्विचचा संच) जोडू नका. ठोक्यांच्या विजेवर रिले टकटक करत राहतो आणि लवकर जातो.

प्रश्न : पंधरा मिनिटे चालवल्यावरच लुकलुक सुरू होते.
— नागपूर

उत्तर : बल्ब तापतोय. मागचा पंखा फिरतोय का, धुळीने अडलाय का ते बघा. रबरी टोपी पंख्यावरच दाबून बसवली असेल तर हवा कोंडते. टोपी काढून टाकणे हा उपाय नव्हे; ओल आत जाऊन रिफ्लेक्टरचा मुलामा उडतो. मागे जागा जास्त असलेली टोपी घ्या.

प्रश्न : फक्त आयडलिंगला लुकलुकतात, आतला दिवाही.
— सोलापूर

उत्तर : बल्ब सोडा, अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारा भाग) तपासा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. मग मीटर एसीवर फिरवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अल्टरनेटरचा डायोड गेल्याची शक्यता धरा. बेल्टचा ताण आणि बॅटरीची टर्मिनलेही बघा.

प्रश्न : डोळ्यांना स्थिर दिसतात, मोबाईलच्या व्हिडिओत पट्टे येतात. दोष आहे का?
— ठाणे

उत्तर : नाही. ड्रायव्हर एलईडीला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो, ते कॅमेऱ्याला दिसते. तुम्ही त्यापेक्षा भिंत तपासा. सपाट जागी गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करून डिपर लावा. उजेडाची वरची कड स्पष्ट न दिसता प्रकाश वर फाकत असेल तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. बल्ब फिरवून चिप बरोबर आडव्या, डावी-उजवीकडे तोंड करून बसवा. तरीही कड येत नसेल तर चांगला ६०/५५ वॅटचा हॅलोजन परत बसवा असेच आम्ही सांगू. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरला प्रकाश नेमका तारेच्या जागीच लागतो. शिवाय परवानगी नसलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो.